टपावरचे पापड

काकूंच्या मते जगात दोनच प्रकारचे वारे होते. एक वाळवणारा आणि दुसरा नुसता केस विसकटणारा. पहिला भेटला की त्या गाडी थांबवायच्या. दुसरा भेटला की त्या अख्ख्या गावाला नावं ठेवायच्या. मग त्या गावात किल्ला असो, बंदर असो, नाहीतर आइस्क्रीमसाठी रांग लावून उभं राहिलेलं अर्धं बेलफास्ट असो.

"काकू, लोक किती लांबून येतात हो इथे."

"येऊ देत. माझा रुमाल बघ, अजून पिळला तर पाणी निघेल. चल, बस गाडीत."

हा रुमाल त्यांच्या कॅम्परव्हॅनच्या एरियलला बांधलेला असायचा. नवीन गाव आलं की काकू तो नळाखाली भिजवायच्या, घट्ट पिळायच्या, एरियलला गाठ मारायच्या आणि शेजारी घडीचं स्टूल टाकून चहा प्यायला बसायच्या. कप रिकामा होईपर्यंत रुमाल वाळला तर गाव पास. नाही वाळला तर नापास, आणि नापास गावाचं पोस्टकार्डसुद्धा त्या घ्यायच्या नाहीत.

मी त्यांची भाडेकरू. नागपूरहून ग्लासगोला एका प्रोजेक्टवर आले होते आणि काकूंच्या घरातली वरची खोली मला मिळाली होती. आता नागपूरच्या माणसाला ऊन म्हणजे काय हे कोणी शिकवायचं? आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर शेवटचा पापड घालेपर्यंत पहिला वाळून वाजायला लागतो. आणि ही मिरजेची बाई, उभा जन्म स्कॉटलंडच्या पावसात काढलेली, मला तोंडावर सांगत होती की ऊन ही शोभेची वस्तू आहे.

"ऊन पापडाला तडे पाडतं," त्या म्हणायच्या. "वारा आतून सुकवतो. तुमच्या नागपूरला वारा कुठे आहे? नुसती भट्टी."

"बाप्पा! काकू, आमच्या नागपूरबद्दल बोलायचं काम नाही."

"बोलणार. मी तीस वर्षं चादरी वाळवल्यात."

ते मात्र खरं होतं. काका भुलेचे डॉक्टर होते, आणि ते ज्या हॉस्पिटलात होते तिथल्याच लाँड्रीत काकू सुपरवायझर होत्या. काका माणसांना झोपवायचे आणि काकू त्यांच्या चादरी धुवायच्या, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि वर हसायच्या. काकांना मी फक्त फोटोत पाहिलं. मी यायच्या बऱ्याच आधी ते गेले होते. फोटोत ते कुठेतरी बसस्टॉपवर उभे होते आणि बस येईल की नाही याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

लाँड्री सुटली तरी काकूंची सुपरवायझरी सुटली नव्हती. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालून ऑफिसला जायचे आणि संध्याकाळी येऊन बघावं तर सगळे कपडे वेगळ्याच क्रमाने टांगलेले. "कुर्ता असा घालतात होय? खांद्याला चिमटे लावून? बिचाऱ्याला फाशी दिल्यासारखा लोंबत होता." शेजारी एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ राहायचे. ते बाहेर गेलेले असताना पाऊस आला की काकू कुंपण ओलांडून त्यांचे कपडे काढून आणायच्या, इस्त्री केल्यासारख्या घड्या घालायच्या आणि ते आले की नेऊन द्यायच्या. आपल्या चड्ड्यांची चवड एका साडीतल्या बाईच्या हातून घेताना ते गृहस्थ कानापर्यंत लाल व्हायचे. पण दर नाताळला वाइनची बाटली यायची हो! काकू ती उघडायच्या नाहीत. पडद्याच्या खाली वजन म्हणून ठेवायच्या.

काका होते तोवर त्यांच्या घरात गाडी नव्हती. काकांना मोटारीची भीती. त्यामुळे ग्लासगोत उभा संसार झाला तो बसच्या वरच्या मजल्यावर. काका गेल्यावर काकूंनी काय केलं, तर ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं. साठीच्या उंबरठ्यावर! परीक्षेत त्या किती वेळा नापास झाल्या हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. "मोजलं नाही," म्हणायच्या. एकदा परीक्षक शेजारी पोक काढून बसला होता, तर यांनी गाडी कडेला घेतली आणि त्याला सांगितलं, "सन, सिट स्ट्रेट. युअर बॅक विल गो." त्या दिवशी नापास. पण पुढच्या खेपेला तोच परीक्षक आला, ताठ बसला, आणि काकू पास झाल्या.

काकूंची इंग्रजी मिरज आणि ग्लासगो यांच्या मधोमध कुठेतरी राहायची. प्रत्येक पुरुष 'सन', मग तो ऐंशीचा का असेना. आणि प्रत्येक गोष्ट 'वी'. ग्लासगोत छोट्याला वी म्हणतात. त्यामुळे मला घरात पाऊल टाकल्या टाकल्या ऐकू यायचं, "आलीस? एक वी चहा टाकू?"

लायसन्स मिळालं आणि त्यांनी ती कॅम्परव्हॅन घेतली. जुनी, साय-रंगाची, पोटाशी एक तपकिरी पट्टा. आत दोन झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, एवढंसं बेसिन आणि खिडक्यांना जुन्या इरकल साडीचे पडदे. आणि त्या गाडीला काय म्हणायच्या? 'अहो'. सरळ 'अहो'. चढ आला की स्टिअरिंगवर थाप मारून, "अहो, चढा बघू, थांबू नका." पार्किंगमध्ये मागे घेताना, "अहो, जरा डावीकडे सरा." पहिल्यांदा मी हसून हसून बेजार झाले.

"हसतेस काय? ते मला कुठे घेऊन गेले नाहीत. आता हे नेतात."

आणि नेत कुठे होते, तर वाळवणाला. काकूंचं सगळं फिरणं वाळवणासाठी. बटाटा-साबुदाण्याचे पापड त्या दर उन्हाळ्यात करायच्या आणि गणपतीत ग्लासगोतल्या झाडून सगळ्या मराठी घरांत डबा जायचा. दुकानात मिळतात की, असं एकदा मी म्हणाले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही. घरच्या अंगणात त्यांच्या पापडांना बुरशी यायची. म्हणून चांगला वारा शोधत त्या स्कॉटलंडच्या किनाऱ्याने फिरल्या, आणि एके दिवशी कुणीतरी सांगितलं की समुद्रापलीकडे, आयर्लंडच्या वरच्या अंगाला, जो वारा आहे तसा वारा कुठेच नाही. झालं. बाईंच्या डोक्यात आयर्लंड बसलं.

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगायला हवं, कारण खरी लढाई तिथेच होती. मुलगा हॅरोला, म्हणजे लंडनला. अकाउंटंट. इकडेच जन्मलेला, मराठी बोलायचा पण लिंगांची सगळी खिचडी. माणूस लाखातला. फक्त आईच्या काळजीने अर्धा झालेला. त्या हिवाळ्यात काकू दाराशी बर्फावरून घसरल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं. मला त्यांनी देवाची शपथ घालून गप्प बसवलं. ईस्टरला मुलगा आला तेव्हा प्लास्टर निघून गेलं होतं, आणि काकूंनीच बोलता बोलता सांगून टाकलं.

पोरगा ताडकन उठला. "आई, हाड मोडला आणि तू मला सांगितली नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू येऊन हाड जोडणार होतास?"

"दॅट्स नॉट द पॉइंट, आई! दॅट इज सो नॉट द पॉइंट!"

मग हॅरोच्या घराचा विषय निघाला. तिथे खालच्या मजल्यावर त्याने आईसाठी खोली बांधून घेतली होती. बाथरूम लागून, बागेकडे खिडकी. "आणि त्या खोलीत ऊन येतो, आई. सकाळी पूर्ण ऊन."

"ऊन!" काकू म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी असा काही टाकला की मी हसू लपवायला चहाच्या कपात तोंड घातलं.

शेवटी भांडण पैजेवर आलं. काकू म्हणाल्या, "जूनमध्ये मी आयर्लंडला, लार्नच्या बंदरात उतरते. किनारा धरून वर पोर्टस्ट्युअर्टपर्यंत जाते आणि परत येते. तुला एकदाही मदतीला हाक मारली नाही, तर गाडीचं नाव काढायचं नाही आणि हॅरोचंही नाही. मारली, तर गाडी विक आणि मला पोत्यात घालून ने."

"एकदाही फोन नाही करणार?"

"एकदाही नाही."

"डील," पोरगा म्हणाला. हात मिळवले गेले, आणि साक्षीदार म्हणून माझी सुट्टी परस्पर ठरली. मला कोणी विचारलंही नाही. पण खरं सांगू? मला काकू हव्या होत्या. त्या घरात, त्या अंगणात, माझे कपडे दोरीवरून काढून पुन्हा टांगणाऱ्या. हॅरोच्या उन्हात खिडकीशी बसलेल्या काकू माझ्या डोळ्यांसमोर येईनात. त्यामुळे साक्षीदार असून मी पहिल्या दिवसापासून एका बाजूची होते.

फेरीबोटीतून लार्नला उतरलो तेव्हा ढग इतके खाली होते की हात वर केला तर ओला होईल. काकूंनी रुमाल बांधला, चहा प्याल्या, "नापास" म्हणाल्या आणि निघाल्या. तिथून वर जाणारा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. वर जाताना समुद्र ड्रायव्हरच्या बाजूला येतो. लोक म्हणतात, तो रस्ता बघण्यासारखा आहे. असेल. मी डोळे मिटून घेतले होते. कारण काकूंचं लक्ष ना रस्त्यावर ना समुद्रावर, लोकांच्या अंगणातल्या दोऱ्यांवर.

"बघ बघ, ती चादर! काय घातलीये! अशाने जन्मात वाळायची नाही."

"काकू, ट्रक!"

"दिसतोय मला ट्रक. चादर आधी दिसली."

कार्नलॉ नावाच्या एका चिमुकल्या बंदराच्या गावात त्यांना राहवेना. गाडी थांबवली, एका घराची बेल वाजवली, आणि दार उघडणाऱ्या बाईला सांगितलं की तुमच्या चादरी उलट्या वाऱ्याला आहेत. मला वाटलं, आता दार आपटणार. मी सॉरीची जुळवाजुळव करत होते. पण ती बाई बाहेर आली, दोघींनी मिळून सगळी दोरी उतरवून पुन्हा घातली, आणि चादरी शिडासारख्या फुगल्यावर त्या बाईने टाळ्या वाजवल्या. आम्हाला चहा मिळाला, सोडा ब्रेड मिळाला आणि निघताना शेतावरच्या नव्या बटाट्यांची पिशवी मिळाली. काकूंनी एक बटाटा हातात घेऊन वास घेतला. "असा बटाटा मिरजेलाही नव्हता गं," त्या म्हणाल्या. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मिरजेपेक्षा काही चांगलं असू शकतं, हे.

पुढे बॅलीकॅसलचा वारा चांगला पण चंचल निघाला. "सरकारी नोकरासारखा आहे. आहे म्हणेपर्यंत टेबलावर नाही." जगभरातून माणसं बघायला येतात ते सहाकोनी दगड वाटेवर होते, तिथे काकू गाडीतून उतरल्याच नाहीत. "दगड आहेत ना? मग वाळलेलेच असणार." पोर्टरशला वारा फर्स्ट क्लास होता, पण सीगल अट्टल चोर. चाचणी म्हणून बाकावर घातलेला एकुलता एक पापड एकाने उचलला, आणि तो खाऊन सहकुटुंब परत आला. काकूंनी पर्स उगारली. समोरच्या कॅफेतले लोक खुर्च्यांवरून उठून बघायला लागले.

आणि मग पोर्टस्ट्युअर्ट. गावाबाहेर लांबच लांब वाळू, एका अंगाला टेकड्या आणि गवत, आणि गंमत म्हणजे त्या वाळूवर मोटारी न्यायला परवानगी. लोक सरळ लाटांसमोर गाडी लावून थर्मास उघडतात. काकूंनी रुमाल बांधला आणि चहा ओतायला घेतला. कप भरायच्या आत रुमाल फडफड वाजायला लागला. काकूंनी तो गालाला लावून पाहिला.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "हाच."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी कुकर चढला. बटाटे, साबुदाणा, जिरं, मीठ, तिखट. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा दाबून पापड करायचे आणि वर टपावर जुनी सुती साडी अंथरून तिच्यावर घालायचे. खाली वाळूत नाही, नाहीतर दाताखाली किनारा येईल. शिडीवरून काकू स्वतः चढल्या. मला वर छत्री घेऊन बसवलं, सीगल हाकायला. दुपारपर्यंत अख्खा टप पांढरा झाला होता, आणि मी त्याच्या एका कोपऱ्यात छत्री फिरवत बसले होते. येणारे जाणारे थांबून विचारायचे, हे काय आहे? काकू खिडकीतून सगळ्यांना सांगायच्या. एका जोडप्याला तर त्यांनी आदल्या वर्षीचे पापड तळून खायला घातले. मग काय, त्या दोघांनी अजून चार जणांना आणलं.

भरतीचा विचार कोणाच्या डोक्यात होता? माझ्या नाही. नागपूरला कुठली आली भरती!

पिवळं जाकीट घातलेला किनाऱ्यावरचा राखणदार आला. पांढऱ्या केसांचा, शांत माणूस. म्हणाला, "मिसेस, पाणी चढतंय. गाडी वर घ्या."

"येस, सन. जस्ट अ वी मिनिट."

"ते वर धुणं आहे का?"

"धुणं नाही, फूड!" काकू म्हणाल्या आणि मला वर ओरडून विचारलं, "उलटून बघ गं. खालून कसे आहेत?"

मी एक उलटला. "ओलसर आहेत, काकू."

"मग नाही हलवायची. गाडी हलली की सगळे एकमेकांना चिकटणार. हा वारा पुन्हा मिळायचा नाही."

राखणदार पुन्हा आला. काकूंनी पुन्हा वी मिनिट मागितला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा पळत आला, आणि मी खाली पाहिलं तर पुढची चाकं पाण्यात. मी धडपडत खाली उतरले. काकूंनी गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरून वाळूत रुतली. "अहो, चला! अहो, चला ना!" पण ते कुठले चालतात! मी आत शेजारच्या सीटवर बसले होते. एक मोठी लाट आली, आणि दारातून थंडगार पाणी माझ्या मांडीपर्यंत चढलं. मी किंचाळले. काकू किंचाळल्या नाहीत. त्यांनी माझा हात पकडला आणि मला त्यांच्या दारातून बाहेर ओढलं.

बाहेर एव्हाना माणसं जमली होती. ते पापड खाल्लेलं जोडपं, त्यांनी आणलेले चौघे, सर्फिंगचे काळे कपडे घातलेला एक पोरगेला माणूस. राखणदाराने एका शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं होतं. आडवातिडवा, मोठाड माणूस, बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. तो साखळी लावायला वाकला तर काकू आडव्या.

"नॉट येट, सन. फर्स्ट द पापड."

शेतकऱ्याने एकदा टपाकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे, आणि "राइट" म्हणाला. मग चौघांनी त्या साडीचे चार कोपरे धरले. गुडघाभर पाण्यातून, हळूहळू, डोक्याच्या वर धरून ती साडी टेकडीच्या बाजूला निघाली आणि काकू पुढे चालत होत्या. "स्ट्रेट! तिरकं करू नका! स्ट्रेट, सन!" मी इतक्या पाण्यात, इतकी भेदरलेली, आणि तरी मला हसू आवरेना. नंतर ट्रॅक्टरने हिसका दिला आणि गाडी बुडबुड करत बाहेर आली. पण इंजिन मेलं होतं. चावी फिरवली तर साधा कण्हण्याचा आवाजही नाही.

शेतकऱ्याने गाडी ओढत आपल्या आवारात नेली. बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "उद्यापर्यंत वाळू दे. मग बघू."

"वाळवायचं मला नको शिकवूस, सन," काकू म्हणाल्या, आणि गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायला लावली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

आयर्लंडमध्ये जूनमध्ये संध्याकाळ संपता संपत नाही. आम्ही स्टुलांवर बसलो होतो. शेतकऱ्याने दिलेलं ब्लँकेट माझ्या पायांवर होतं. काकूंनी फोन काढला.

"काकू, काय करताय? सकाळपर्यंत थांबा ना. सुरू होईल गाडी. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"अहो पण पैज!"

"पाणी तुझ्या मांडीपर्यंत आलं होतं," काकू म्हणाल्या. "मी पापड बघत बसले आणि पोर पाण्यात. तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?" आणि त्यांनी नंबर लावला. "अरे, मी. हो, मी बरी आहे. दोघी बऱ्या आहोत. मी हरले. ये तू." मग त्यांनी सगळं सांगितलं, वारा, टप, राखणदार, वी मिनिट, काही लपवलं नाही. फोन ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले. आम्हा दोघींनाही जेवण गेलं नाही.

सकाळी शेतकऱ्याने चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. रात्रभर वाऱ्यात इंजिन खडखडीत वाळलं होतं! मी नाचायचीच बाकी होते. "काकू, त्याला फोन करा. सांगा, येऊ नको, आम्ही निघालो."

"विमानात असेल आता. आणि सुरू झाली म्हणून काय? हाक मारली ती मारली." त्या आत गेल्या, पडदे काढून घड्या घातल्या, डबे पिशवीत भरले. मला रडूही येत होतं आणि त्या बाईचा रागही येत होता. इतकं प्रामाणिक असायला कोणी सांगितलं होतं?

दुपारी टॅक्सी आली. ऑफिसच्या बुटांत आणि कोटात पोरगा उतरला आणि तसाच चिखलातून चालत आला. दाढी केलेली नव्हती. त्याने आईला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग मला पाहिलं. मग गाडीकडे. गाडी चालूच होती, पुन्हा अडायला नको म्हणून शेतकऱ्याने ती बंद केली नव्हती.

काकूंनी चावीसाठी आत हात घातला, इंजिन बंद केलं आणि चावी त्याच्यापुढे धरली. "घे. शब्द म्हणजे शब्द. हॅरोला किती वाजता निघायचं?"

त्याने चावी घेतली नाही.

"तू फोन केला," तो म्हणाला.

"केला. हरले म्हणून केला."

"नाही, आई. ऐक." त्याला शब्द सापडेनात. मराठीत सापडेनात आणि इंग्रजीतही. "मी विमानात पूर्ण वेळ... आय वॉज सो हॅपी, आई. तू पाण्यात गेली आणि मी हॅपी. कारण तू मला सांगितली. मला गाडी नको होता. मला फोन पाहिजे होता. गाडी ठेव. ग्लासगोत राहा. फक्त फोन कर."

काकूंनी पुढे केलेली चावी परत मुठीत घेतली आणि एकदम फुटल्या.

"मग आधी सांगायचंस ना, मेल्या! लार्नपासून रोज संध्याकाळी फोन हातात घेतेय मी. तो बटाटा मिळाला, तुला सांगावंसं वाटलं. त्या सीगलला पर्स मारली, तुला सांगावंसं वाटलं. पैज आठवली की परत ठेवत होते!"

पोरगा हसायला लागला आणि हसता हसताच रडायला लागला. काकूंनी पदराने आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. शेतकरी चहा विचारायला दारात आला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि तो एवढा मोठा माणूस चवड्यांवर, बुटांचा आवाज न करता, परत आत गेला.